कुंकू लागलेली फ्लॉपी

मंगलाक्कांचं नाव आधी लिहितो. असोद्याच्या मंगलाक्का. जळगावात ज्या कॉम्प्युटर सेंटरात मी कामाला होतो, तिथं त्या प्रोग्रॅम लिहायच्या. रोज सकाळी एसटीनं यायच्या, आल्या आल्या पदरानं मॉनिटर पुसायच्या आणि मला म्हणायच्या, "हं, काय म्हणतं आज मशीन?" मी नववी सोडलेला. इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचायचो. त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. त्यांचं आधी सांगितलं नाही, तर पुढचं सगळं मी एकट्यानं केलं असं वाटेल. तसं नाही.

आता जामनेर. तिथल्या शेठच्या अडतीवर मला प्रोग्रॅम बसवायला पाठवलं होतं.

शेठनं आडनाव विचारलं तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो. मशीन नुकतं चालू केलं होतं. आडनाव सांगितलं. मग गाव विचारलं. साक्रीकडचं, म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "गावात घर कोणत्या अंगाला?"

खालच्या अंगाला, म्हणालो. खोटं सुचलं नाही. आम्ही महार. आता बौद्ध. शेठना हवं होतं ते कळलं.

"ऊठ बाबा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तिकडं बस. उंबऱ्याबाहेर."

मी उठलो. लगेच उठलो. शेठच्या म्हाताऱ्या मुनीमांना सगळे नाना म्हणत. नाना पुढं आले, मी बसलो होतो ती खुर्चीवरची गादी दोन बोटांत धरली आणि मागच्या अंगणात टाकली. आत सांगितलं, "धुवाले टाक गं ही." माझ्यासाठी सांगितलेला चहा आला नाही.

शेठची कापसाची अडत. मशीनची काचेची खोली देव्हाऱ्याला लागून. चपला बाहेर काढायच्या, पाय धुवायचे, मग आत. दिवाळीत नव्या वह्यांची पूजा झाली तेव्हा मशीनचीही झाली होती. हार वाळून गेला होता तरी काढला नव्हता. मॉनिटरच्या काचेवर गंधाचं बोट होतं. हे सगळं मला आवडलं होतं, खरं सांगतो. मशीनला कुणी इतका मान देतं, हे बघून बरं वाटलं होतं.

माझं काम असं होतं. प्रत्येक अडत्याची हिशोबाची पट्टी वेगळी, कटती, म्हणजे मालातून कापायची वजावट, वेगळी. त्यामुळं प्रोग्रॅम तयार करून नेता यायचा नाही. गिऱ्हाइकाच्या मशीनवरच तो बांधायचा. अक्कांनी लिहिलेला मजकूर एका फ्लॉपीत. तो मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर दुसरीत. आणि तिसरीत लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारे तयार तुकडे. आकडे छापायचा तुकडा, तारीख मोजायचा तुकडा. ते जोडले की प्रोग्रॅम उभा राहतो. एक जरी नसला तरी राहत नाही.

साहेब, म्हणजे सेंटरचे मालक, म्हणाले होते, "जामनेरचं बसवून ये, मग तुला कायम करतो. नाही जमलं तर साक्रीची एसटी कुठून सुटते माहीत आहे ना?" सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

तर मी उंबऱ्याबाहेर. तिथं एक पोतं घडी करून टाकलं. शेठचा पुतण्या खुर्चीत बसला. बी.कॉम.ला होता. मी बाहेरून सांगायचं, त्यानं बटणं दाबायची. फ्लॉप्या मी हातात द्यायच्या नाहीत, उंबऱ्यावर ठेवायच्या. नाना त्या उचलायचे. तांब्यातलं पाणी शिंपडायचे. धोतराच्या सोग्यानं पुसायचे. मग नव्या वहीला लावतात तसं हळदकुंकू लावायचे आणि मग आत द्यायचे. माझा हात लागलेला होता ना.

पहिल्या दोन्हींच्या लेबलवर लावलं. तिसरी त्यांनी उलटी धरली. त्या मोठ्या पातळ फ्लॉपीला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली काळी तबकडी दिसते. नानांचं ओलं बोट नेमकं तिथं.

"नाना, तिथं नका लावू. तिथं माहिती असते."

"कुंकू आहे ते, शेण नाही. आता तू शिकवशील का आम्हाले?"

घरून निघताना आई बोलली होती, "कोनले उलटं बोलू नको, भाऊ. तठे आपलं कोन शे?"

तिसरी फ्लॉपी आत गेली. घर्र, घर्र. कण्हल्यासारखा आवाज.

"काय आलं?" मी बाहेरून विचारलं.

"एरर."

"काय एरर? पूर्ण वाचा ना."

"अबॉर्ट, रिट्राय असं काहीतरी विचारतंय."

"त्याच्या वरची ओळ वाचा, दादा."

"इग्नोर दिलं मी. गेलं पुढं. चल, पुढचं सांग."

अक्कांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती. मशीन काय म्हणतं ते पूर्ण वाच. अर्धं वाचून घाबरू नको आणि अर्धं वाचून खूशही होऊ नको. मला पूर्ण वाचता येत होतं. पण मी बाहेर होतो. खोलीच्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं आणि त्यामागं वाळका हार.

शेवटी तुकडे जोडायची वेळ आली. पुतण्या ओरडला, "अरे, पडदा भरला सगळा! अनडिफाइन्ड, अनडिफाइन्ड, तेच तेच येतंय. थांबतच नाही."

"मला फक्त बघू द्या," मी म्हणालो. "हात लावत नाही."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं. हात लावत नाही.

शेठ गादीवरून उठले नाहीत. म्हणाले, "आधी बसला ना तू तिथं. हात लागला. मग कसं चालणार?"

मी हातांकडं पाहिलं. बोटं स्वच्छ होती, नखं कापलेली. निघताना साबणानं धुतले होते. तरी मला पटलं. क्षणभर नाही, जळगावला पोचेपर्यंत. एसटीत मी हात मांडीखाली घालून बसलो होतो. शेजारची बाई म्हणाली, "थंडी वाजते का रे?" मी हो म्हणालो.

सेंटरात अक्का होत्या. शेठचा फोन आधीच येऊन गेला होता. अक्का म्हणाल्या, "डोये पूस आधी. मग सांग."

सांगितलं. पोत्यासकट सगळं. त्यांनी तिसरी फ्लॉपी आमच्या मशीनमध्ये घातली. घर्र, घर्र. इथंही तेच. वरची ओळ त्यांनी मला वाचायला लावली. वाचली. फ्लॉपी वाचता येत नाही, असं लिहिलं होतं. अक्कांनी ती बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या तबकडीवर लाल डाग. भोवती पाणी सुकल्याचा गोल.

"कुंकू," त्या म्हणाल्या. त्यांना हसू आलं. माझं तोंड बघून थांबल्या. "लायब्ररी गेलीच नाही तिकडं. तुकडेच नाहीत, तर जोडणार काय ते? तुझा हात नाही रे भाऊ. त्यांचं पाणी."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग आला, आणि तो आधी माझ्यावर आला. माझा विटाळ धुवायला त्यांनी पाणी मारलं. त्या पाण्यानं काम बिघडलं. बिघडलं ते माझ्या विटाळानं, असं ते म्हणाले. आणि मी ते खरं मानून हात लपवत आलो. अर्धी ओळ वाचून घाबरलो. मशीनच्या बाबतीत कधी केलं नाही, ते माणसांच्या बाबतीत जन्मभर करत आलो होतो.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कुंकू लागलं तर लागलं. नव्या फ्लॉप्या घे, उद्या जा, उंबऱ्यात बस. तुला पगार तोंडाचा आहे, बुडाचा नाही."

पुन्हा सगळे हसले. या वेळी मी हसलो नाही. अक्काही नाही. त्या म्हणाल्या, "मीबी जाते उद्या."

शेठनं अक्कांना बघून हात जोडले. "या ताई, बसा." खुर्चीवर नवी गादी होती. उंबऱ्याबाहेर पोतं होतं, कालच्याच घडीचं.

"मी नाही बसत," अक्का म्हणाल्या. "काम याचं आहे."

"ताई, तुम्ही चांगल्या घरच्या. तुम्हाले काय सांगावं लागतं? त्याले कुठं हाकललं आम्ही? पोतं टाकलं ना बसाले."

"शेठ, काल तुमच्या नानांनी फ्लॉपीवर..."

"अक्का, थांबा," मी म्हणालो. "मी बोलतो."

त्या थांबल्या. एक पाऊल मागं सरकल्या.

माझा आवाज कापत होता. थांबेपर्यंत वाट पाहिली असती, तर मी कधीच बोललो नसतो. कापत्या आवाजातच म्हणालो, "शेठ, मला खुर्ची लागते. पडदा मला स्वतः वाचावा लागतो."

"आणि नाही दिली तर?"

"तर मी बाहेरून सांगणार नाही."

"दुसरा येऊन बसवेल."

"बसवू द्या."

"नोकरी जाईल तुझी, पोरा."

"माहीत आहे."

नानांनी सवयीनं उंबऱ्यावरच्या फ्लॉप्यांच्या पिशवीकडं हात केला. मी पिशवी छातीशी धरली. म्हणालो, "नाना, पाणी मारायचं नाही. माझा हात लागलेल्या आहेत. तशाच घ्यायच्या असतील तर घ्या."

नानांनी हात मागं घेतला. शेठनं मान फिरवली आणि फोनचा रिसीव्हर उचलला. आम्ही चपला घालून निघालो.

स्टँडवर अक्कांनी जळगावच्या एसटीची पाटी शोधली. मग म्हणाल्या, "पाय लटपटतात का रे?"

"हो."

"माझेबी."

साहेबांनी मला संध्याकाळच्या आत काढलं. अक्कांना सांगितलं, तुम्ही जा, बसवून या, शेठची माफी मागा. अक्का म्हणाल्या, तो बसला तरच. मग त्यांचीही खुर्ची गेली. घरचे म्हणाले, झाली तेवढी नोकरी पुरे. आता त्या असोद्यात मळ्यात जातात. त्यांनी तो प्रोग्रॅम ज्या डोक्यानं लिहिला, ते डोकं केळीच्या पाण्याच्या पाळ्या लावतं.

जामनेरचा प्रोग्रॅम नंतर दुसऱ्या कुणीतरी बसवला. चालतो. शेठचं काही बिघडलं नाही. त्यांना काही वाटलं असेल, असंही मी मानत नाही.

मी सुरतेला आलो. अक्कांनीच ओळखीतल्या एकाला शब्द टाकला होता. इथं कापडाच्या बाजारात मशीनं आहेत, मी प्रोग्रॅम बांधून देतो. अजून भीती वाटते. कुणी आडनाव विचारलं की नजर आधी उंबऱ्याकडं जाते. पण सांगतो. गाव सांगतो. न विचारता गावातलं अंगही सांगतो, आणि सांगून झालं की खुर्ची ओढतो. दोन ठिकाणांहून परत आलोय. पुढंही येईन. उंबऱ्याबाहेर बसून मी कुणाचा प्रोग्रॅम बांधणार नाही, आणि हात लावत नाही असं या तोंडानं पुन्हा म्हणणार नाही. उपाशी राहीन, पण नाही.

अक्का, तुमची खुर्ची माझ्यापायी गेली. तुम्ही म्हणाल, तुझ्यापायी नाही रे भाऊ. तुम्ही म्हणालच. पण मी पूर्ण वाचलंय. मी माझं मशीन घेईन आणि एसटीच्या टपावर नाही, मांडीवर घेऊन असोद्याला आणीन. तुमच्या ओट्यावर मांडीन. खुर्ची आधी तुमची. हार घालू नका, गंध लावू नका. चालू करा, आणि काय म्हणतं ते मला मोठ्यानं विचारा. मी तुमच्या शेजारी बसून वाचीन, शेवटच्या अक्षरापर्यंत.