काशिरामचे पिवळे ठिपके

आमच्या ह्यांना कुणाच्या बंगल्याचा, गाडीचा, सोन्याचा हेवा कधी वाटला नाही. ह्यांच्या गावी, गव्हाणला, ह्यांच्या बरोबरीची माणसं जमिनीच्या जोरावर बिल्डर झाली, त्यांच्या दारात काय काय उभं राहिलं. हे त्यांच्या वास्तुशांतीला जाऊन शांतपणे जेवून आले आणि जिलबी चांगली होती म्हणाले. ह्यांचा सगळा हेवा आयुष्यभर एकाच माणसाला वाहिलेला आहे. त्याचं नाव काशिराम.

हे, म्हणजे दयाराम. पनवेलला ह्यांचं हायड्रॉलिक दुरुस्तीचं दुकान आहे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनचे पंप, मोटर, पाइप, जे येईल ते. काशिराम उरणकडचा, कोळ्यांचा. त्याचंही हेच काम. दोघं विशीत पळस्प्याच्या एकाच गॅरेजात शिकले, एका डब्यात जेवले, आणि तिथल्या उस्तादांनी एके दिवशी दाब मोजायचं गेज पहिल्यांदा काशिरामच्या हातात दिलं. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा पहिल्या महिन्यातच ह्यांनी मला ही गोष्ट सांगितली. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण एवढ्या ताज्या जखमेचा इतिहास माझ्या वाचनात नव्हता.

काशिरामची एक सवय आहे. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर तो पिवळ्या रंगाचा ठिपका लावतो. ठिपका सरकलेला दिसला की नट ढिला झाल्याचं कळतं. हे म्हणतात, "हळद लावतो नटांना. सोताच्या हातावर इश्वास नाय, म्हनून." पण एकदा कपाट आवरताना ह्यांच्या पान्यांच्या मागे मला लाल ऑइलपेंटची इवलीशी डबी सापडली. नवी, न उघडलेली. मी ती होती तिथे ठेवून दिली.

तर झालं असं. शनिवारी सकाळी भामाचा फोन आला. भामा ह्यांची धाकटी बहीण, तळोज्याकडे दिली आहे. तिचा नवरा शिवा तिथल्या एका कंपनीच्या गोदामात छोटा लोडर चालवतो. लोडर त्यांचा स्वतःचा, जुना घेतलेला. खाटेएवढा ठेंगणा, चार चाकांचा. त्याला स्टेअरिंग नसतं. इंजिन दोन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतात, त्या तेलावर डावी-उजवीकडच्या मोटर फिरतात आणि चाकं चालतात. डावा दांडा दाबला की डावी चाकं, उजवा दाबला की उजवी. इतकं मला ऐकून ऐकून पाठ आहे.

"दादा, मशीन चालत नाय," भामा म्हणाली. "सोमवारी गोदाम खाली करायचं हाय. आमचा नाय गेला तर कंत्राटदार दुसऱ्याचा लोडर आनील. आन एकदा आत शिरला तो भायेर निघत नाय."

भामाकडे बऱ्याच दिवसांत जाणं झालं नव्हतं, म्हणून मीही निघाले. लोडर तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली होता. ह्यांनी पुढचं झाकण उचललं, आणि तसेच उभे राहिले. आत फिल्टरजवळ, मोटरच्या नटांवर, दांड्यांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके.

"कोन आलेला?"

भामा पदर खोचून म्हणाली, "तुला आधी तीनदा फोन लावला. तीनदा बोल्लास, येतो, येतो. काशीदादा कंपनीत कामाला आलेला, आमच्या ह्यांनी हाक मारली, आला."

"काशीदादा!" हे म्हणाले.

आता इथे सांगायला हवं की ह्यांना आईवडील नाहीत, भाऊ नाही. ही एक बहीण. भाऊबीजेला तिच्याकडे कितीही उशीर होवो, हे दुसरीकडे पाण्याचा घोटही घेत नाहीत. तिच्या घरचा पंखा बिघडला तरी, उशिरा का होईना, हे जातात. तिच्या मशीनला दुसऱ्याचा हात लागला, आणि दुसऱ्याचा म्हणजे नेमका त्याचा, हे ह्यांच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट वाचता आलं.

"दोन दिवस बघितला त्यानं," भामा सांगत होती. "काल जाताना बोल्ला, आता तुझ्या भावाला बोलव."

ह्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे त्याला नाय जमला."

"तसा नाय बोल्ला तो."

"तसा कोन बोलतो काय!"

शिवाभावोजी लोडरजवळ बसून सांगत होते, "दादा, थंड हाय तवर झकास पळते. तासाभरानं दोनी बाजूंचा जीव जातो. पंप नुसता किंचाळतो. बंद करून चा पिऊन आलो, का परत नीट."

"बरं बरं, दाजी," हे म्हणाले. पण कान तिथे नव्हतेच. ह्यांची नजर ठिपके मोजत होती.

तो सगळा शनिवार ह्यांनी ठिपके उघडण्यात घालवला. माझ्यासारख्या अडाणीलाही ते दिसत होतं. काशिरामने नवा फिल्टर घातला होता. ह्यांनी तो काढला, उलटसुलट पाहिला, पुन्हा बसवला. फिल्टर बरोबर होता. दांड्यांचे सांधे उघडले. बरोबर होते. मग मोटरची परीक्षा. मोटर आतून झिजली की थोडं तेल बाजूच्या बारीक नळीतून गळून परत जातं. ज्या बाजूला जास्त गळेल ती मोटर म्हातारी. ह्यांनी भामाकडून पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या मागून घेतल्या, दोन्ही नळ्या त्यांत सोडल्या, इंजिन चालू केलं आणि घड्याळ लावून बसले. मीही पाहत होते. दोन्ही बाटल्यांत तेल सारखंच चढलं, बोटभर.

"हेच त्यानं पन केलेलं," शिवाभावोजी म्हणाले. "सारखंच भरलेलं."

मोटर चांगल्या निघाल्या की मेकॅनिकला बरं वाटायला हवं. ह्यांचं तोंड उतरलं. जिथे जिथे ठिपका, तिथे तिथे काम चोख. चूक सापडावी म्हणून हे शोधत होते, आणि ह्यांना सापडत होता तो काशिरामचा स्वच्छ हात. पाचच्या सुमाराला हे पाना टाकून म्हणाले, "पंपच गेला असनार. त्यानंच उघडून बिघडवला असनार."

"पंपावर ठिपका कुठाय?" भामा म्हणाली.

खरंच नव्हता. काशिरामने पंप उघडलाच नव्हता.

रविवारी सकाळी भामाने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण वाढलं आणि बोलायला सुरुवात केली. माहेरच्या माणसाला बोलायचा तिचा हक्कच आहे. "तू मशीन बघाया आलास का काशीदादाला? काल दिवसभर तू त्याचीच नटां खोलत होतास. माझं मशीन तासाभरानं मरतं, चा प्याल्यावर जितं होतं. हे तुला दोनदा सांगितलं. पोटात दुखतंय आन तू डोक्यावर हात फिरवतोस."

भाकरीचा तुकडा ह्यांच्या हातात तसाच राहिला. मग विचारलं, "चा प्याल्यावर?"

"आं. अर्ध्या तासानं."

हे उठले. पंपाला गेज लावलं आणि शिवाभावोजींना लोडर अंगणात पुढेमागे चालवायला सांगितला. काटा जागेवर होता. पाऊण तास गेला, तेल तापलं, आणि काटा हळूहळू खाली येऊ लागला. मग तो आवाज सुरू झाला, चिरका, उसाच्या चरकात खडा अडकावा तसा. दोन्ही बाजूंची चाकं एकदमच मंदावली.

"दोनी बाजू एकदम," हे स्वतःशीच म्हणाले. "म्हंजे मोटर नाय, पंप नाय. पंपाला तेलच पोचत नाय."

सीटखालून एक जाड काळा पाइप टाकीतून दोन्ही पंपांकडे जातो. दोन्ही पंप त्यातूनच तेल ओढून घेतात. ह्यांनी इंजिन चालू असताना तिथे हात घातला, आणि हात तिथेच थांबला. पाइप चपटा झाला होता. इंजिन बंद करायला सांगितलं. थोड्या वेळाने पाइप आपला आपण फुगून गोल झाला.

मला वाटलं, आता हे ओरडतील, 'सापडला!' हे ओरडले नाहीत. पाइपच्या टोकाला दोन क्लिपा होत्या, एकमेकींना उलट्या आवळलेल्या. तशा क्लिपा आवळणारा पनवेलात एकच माणूस आहे.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात हा पाइप फुटला होता. त्या दिवशी भामाच्या दिराची हळद. रविवार म्हणून दुकानं बंद, आणि लोडर दुसऱ्या दिवशी हवा होता. ह्यांनी शेतातल्या मोटरचा साधा रबरी पाइप कापून लावला. तेल ओढणाऱ्या पाइपच्या पोटात तारेचं वेटोळं लागतं, नाहीतर रबर मऊ पडलं की पंपाच्या ओढीने आतल्या आत बसतं. हे ह्यांना ठाऊक होतं. चार दिवसांसाठी लावलेला होता. ते चार दिवस तीन वर्षं चालले.

हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं, की ह्यांनी पाइप सोडवला, चटकन गोणपाटात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी घातला.

"सापडला काय रे?" भामा चहा घेऊन आली.

"सापडला. पाइप बदलायचा. बास."

भामाचा चेहरा काय फुलला! "बघा हो, माझ्या दादानं काढला. त्या काशीदादाला दोन दिवसांत नाय जमला!"

सत्तावीस वर्षं ह्यांनी हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. त्यांनी चहाचा एक घोट घेतला, सावकाश. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे कधी पाहू नये हे बायकोला कळलं पाहिजे.

"थांब, त्यालाच फोन लावते," भामा म्हणाली. "विचारते, दोन दिवस काय नटांना रंग लावत बसलेलास?"

तिने नंबर लावला. रिंग वाजायला लागली. हे कप ठेवून उठले.

"नको विचारूस. पाइप मीच लावलेला. तुझ्या दिराच्या हळदीच्या दिवशी. चुकीचा पाइप होता, मना म्हाईत होता. बदलाया विसरलो."

भामा फोन हातात धरून तशीच उभी. पलीकडून काशिरामचा आवाज आला, "बोल गं भामा. पाइप निघाला ना?"

आम्ही चौघंही फोनकडे पाहत राहिलो. भामाने मुकाट्याने स्पीकर चालू केला.

"तुला म्हाईत होता?" हे म्हणाले.

"कोन, दया? आरं, उलट्या क्लिपा बघितल्या आन समजलो."

"मग बदलला का नाय?"

"वा रे! उस्तादानं काय शिकवलंन? दुसऱ्याचं काम त्याच्या पाठी खोलायचं नाय. आन ही तर तुझी बहीन. तिच्यासमोर तुझी क्लिप मी सोडू? म्हनून बोल्लो, भावाला बोलव."

"मना फोन करायचास."

"केला असता तर तू काय बोल्ला असतास?"

हे काय बोलले असते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"तारेचा पाइप कापून ठेवलाय," काशिराम म्हणाला. "आज रविवार, तुला कुठं मिलायचा नाय. येतोस, का मी आनू?"

"मी येतो," हे म्हणाले. मोटरसायकलला किल्ली लावताना दात-ओठ खात मला म्हणाले, "बघितलंस? चांगला पन त्यानंच वागायचा!"

मला हसू आवरेना, पण त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. चूक सापडलेल्या शत्रूला माणूस एकवेळ माफ करतो. ह्याला करायचं काय?

दुपारी पाइप आला, लागला. शिवाभावोजींनी सलग दोन तास लोडर चालवला. काटा हलला नाही. अंगणात चाकांच्या खुणा पडल्या, पंप गुरगुरत राहिला, किंचाळला नाही. सोमवारी लोडर जाणार हे नक्की झालं. भामा आमच्या पिशवीत सुकी मासळी भरता भरता, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "दादा, परत काय झाला तर फोन कोनाला करू? खरा सांग."

हे बूट घालत होते. नाडी बांधायला फार वेळ लागला.

"त्याला कर," हे म्हणाले. दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. "पन मना सांगून कर. मी पन येतो."

"म्हंजे बिघाड एक आन जेवाया दोघं!" भामा म्हणाली. "वैनी, सांग गो ह्याला, मासळी म्हाग झालीय."