सुनेला कांजिण्या झाल्या होत्या का?

मैत्रिणींनो, आपल्या कॉन्व्हेंटमध्ये कांजिण्यांनी अर्धा वर्ग घरी बसला होता, आठवतं? तेव्हा सुट्टीचा आनंद होता. आज त्याच कांजिण्यांची मला धास्ती वाटतेय.

काल सून मेघाचं डोहाळजेवण झालं. रीतीप्रमाणे शेजारचं बाळ तिच्या मांडीवर बसवलं. आज सकाळी त्याची आई दारातूनच म्हणाली, "काकू, ह्याला कांजिण्या आल्यात की."

मेघाला कांजिण्या कधी झाल्या नाहीत, तिने लसही घेतलेली नाही. डॉक्टर म्हणाले, "आजार होऊन गेला किंवा लस घेतली, तरच शरीर लढायला शिकतं. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो, आणि तेव्हा ही लसही देता येत नाही. लहानपणी नकळत होऊन गेल्यात का, ते रक्त तपासून पाहू."

रिक्षात मेघाने विचारलं, "आई, बाळाला काही होणार नाही ना?"

रिपोर्ट उद्या येईल. मेघासाठी प्रार्थना करा. आणि लग्न ठरलेल्या लेकींना साड्या-दागिने नंतर द्या, आधी डॉक्टरांना विचारून ही लस द्या.