मामांचा रुसवा अन् माझा खोल श्वास

चहा घ्या आधी अन् घोट नीट गिळा, कारण ही फजिती ऐकताना कुणाला ठसका लागला तर मी जबाबदार न्हाई. आता काय सांगू बायांनो, माणसानं शांत व्हायला जावं अन् असं व्हावं?

आमच्या रेणूचं लग्न होतं. कार्यालय अंबडचं, वऱ्हाड मंठ्याहून. मुलीच्या आईला टेन्शन असतंच, पण मला जरा जास्तच! झोपेतसुद्धा मी वरणात मीठ टाकत होते. शेवटी रेणूनंच माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं.

"आई, तुझं टेन्शन पाहून मलाच टेन्शन येऊन राह्यलंय. जीव घाबरला की हे लाव. एक बाई बोलती, ती सांगंल तसा श्वास घ्यायचा. बस!"

लग्नाच्या दिवशी सगळं बराबर चाललं होतं. वऱ्हाड आलं, नाश्ता झाला. अन् नवरदेवाचे मामा, भगवानमामा, दारातल्या बॅनरसमोर येऊन थांबले.

बॅनरवर सगळे होते. आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याचासुद्धा फोटो! फक्त मामांचा न्हाई.

"आपल्याला इथं इज्जत न्हाई. बिलकुल न्हाई! मी चाललो मंठ्याला."

आमचे हे हात जोडून उभे. "मामा, छापणाऱ्याची चूक झाली हो."

"छापणाऱ्याला एवढा मोठा मामा दिसला न्हाई?"

मोठे होते हो खरंच. छापला असता तर अर्धं बॅनर त्यांनाच लागलं असतं!

तिकडं नवरदेवाच्या आईनं डोळ्याला पदर लावला. तिला हा एकच भाऊ. म्हणाली, "माझा भाऊ गेला तर अक्षता पडणार न्हाईत!"

झालं! मला रेणूचं अ‍ॅप आठवलं. मी गेले पळत मागच्या भांड्यांच्या खोलीत, दार लावलं अन् अ‍ॅप सुरू केलं.

आवाजच येईना! वाढवला. तरी येईना. मंग पार शेवटपर्यंत वाढवला. फोन गप्प, पण बाईचा आवाज मात्र कुठून तरी यायला लागला. भिंतीतून, पत्र्यातून, चहूकडून!

"डोळे मिटा. खोल श्वास घ्या…"

म्हटलं, अगं बाई, काय भारी अ‍ॅप आहे! लोक ज्याला आतला आवाज म्हणतात तो हाच की काय? मी कढईला टेकून बसले अन् घेतला श्वास.

"ज्याच्यावर तुमचा राग आहे त्याला डोळ्यांसमोर आणा. आता त्याला मनापासून माफ करा."

मी मामांना आणलं समोर. मावेनात, तरी आणलं! अन् देऊन टाकली माफी. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आमचे हे!

"अगं, काय लावलंस हे? काल हळदीला तुझ्या फोनवरून गाणी लावल्ती ना? तो अजून मंडपातल्या स्पीकरला जोडलेला आहे! सगळं तिकडं वाजून राह्यलंय!"

"अरे देवा! बंद करते, बंद करते!"

"थांब! बंद नको करू. आधी बाहेर येऊन पाह्य."

बाहेर आले तर काय! सगळा मंडप डोळे मिटून बसलेला. आचारी झारा हातात धरून श्वास घेत होता. गुरुजींनासुद्धा वाटलं, मुलीकडच्यांचा काही नवीन विधी असंल. अन् दारातून परत येऊन पहिल्या रांगेत बसलेले भगवानमामा! डोळ्यांतून घळाघळा पाणी. उठले अन् आमच्या यांना कडकडून मिठी मारली.

"दाजी, केलं माफ. फोटोचं काय एवढं? जल्दी अक्षता वाटा!"

टाळ्या! वाजंत्री सुरू! नवरदेवाची आई माझ्या गळ्यात पडली. "विहीणबाई, काय डोकं चालवलंत!" आता मी कशाला खरं सांगते? मान ताठ करून उभी राह्यले. लग्न वाचवलं होतं मी, लग्न!

त्याच तोऱ्यात म्हटलं, आता फोन बंद करावा. नेमका माझ्या बहिणीचा, सुमीचा मेसेज आला अन् बोट पडलं त्याच्यावर. घाबरून दुसरीकडं दाबलं, तर मी सकाळी तिलाच पाठवलेला आवाजी मेसेज सुरू झाला. पूर्ण आवाजात. स्पीकरवर.

"सुमे, जल्दी ये. वऱ्हाड आलंय. अन् तो नवरदेवाचा मामा येऊन पाह्य! नुसता फुगलेला बेडूक!"

वाजंत्री बंद. मी काय करणार? अ‍ॅपमधल्या बाईनं सांगितलं होतं तसे गच्च डोळे मिटून घेतले अन् श्वास आत ओढला. सोडायचा धीरच होईना!

अन् पुढ्यातून एक गडगडाटी हसू आलं.

"ताई, उघडा डोळे! बेडकानं माफ केलं तुम्हाला."