रस्त्यावरचा चोथा

औषधराजाच्या डोंगरापायथ्याशी अख्खा जन्म काढला, तरी सूलानला एक कोडं सुटलं नाही. काढ्याचा चोथा रस्त्यावर टाकतात तो कशासाठी? आई म्हणायची, येणारे-जाणारे तो तुडवतात आणि रोग त्यांच्या पायाला लागून निघून जातो. सासू म्हणायची, छट्! औषधराज सुन सिमियाओ, जुन्या काळचे थोर वैद्य, वाटेत पडलेला चोथा चिवडून बघायचे, चुकीची मुळी दिसली की घरात शिरून सांगायचे, म्हणून टाकायचा. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात, पण सूलानच्या मनालाच काही ठरवता येत नसे. जडीबुटीच्या दुकानात मुळ्या सोलता सोलता ती म्हातारी झाली आणि चोथा टाकत राहिली.

नवरा डांग, मातीच्या भांड्यांच्या भट्टीवर राबलेला. छातीत धूळ बसली आणि हिवाळ्यापासून त्यानं अंथरूण धरलं. त्या सकाळी सूलानने त्याच्या काढ्याचा चोथा तिठ्यावर ओतला, तोच बसमधून लेक उतरली. यिंगश्या, दिवस भरत आलेली. सरळ चोथ्यातून चालत आली.

"अगं, पाय उचल!"

"कुठला पाय? पोटापुढं मला माझे पाय दिसतात तरी का, आई?"

घरी येताच ती लेकीचे बूट घासायला बसली.

"खोकला पायातून चढत असता," यिंगश्या हसली, "तर मोजेवाले श्रीमंत झाले असते! आणि आजी म्हणायची ना, चोथा बघण्यासाठी टाकतात? मी बघून आले समज."

सूलानला हसू येईना. आईचं खरं मानावं, तर रोग नातवंडाला. सासूचं मानावं, तर नवऱ्याचा खोकला जायचा कसा? देवाकडे मागावं तरी काय?

जेवायला हाक मारली तर डांग अंथरुणात नव्हता. पातळ भिंतीपलीकडून त्यानं सगळं ऐकलं होतं. तो तिठ्यावर सापडला, अनवाणी, खांबाला धरून, खोकत खोकत चोथा तुडवताना.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?"

"गप गं. माझा रोग आहे, मी परत घेतोय." त्याला धाप लागली. "पोरीच्या बुटाला काही राहिलं नाही ना?"

इतक्या महिन्यांनी तो स्वतःच्या पायांवर उभा होता. औषध लागू पडलं म्हणायचं की वाया गेलं? सूलानला काही कळेना, नुसतं रडू आलं.

"नाही राहिलं," ती म्हणाली. मग तिनं चपला काढल्या आणि त्याच्या पायाशेजारी आपलाही पाय चोथ्यात ठेवला.