चंद्राच्या वाटेवरचं माझं शटर

या पृथ्वीवर माझा अपमान पुष्कळांनी केला, पण पृथ्वीच्या बाहेर नेऊन तो करणारा माणूस एकच: आमचे साडू. मी जुने पंप, मोटारी, लेथ घेऊन विकणारा माणूस. हातगाडीपासून सुरुवात केली आणि द्वारका चौकाजवळ स्वतःचा गाळा घेतला. गिऱ्हाईक पायरी चढतानाच ते किती ताणणार आणि कुठे सोडणार हे मला कळतं. देवळाली कॅम्पात लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात भलेभले माझ्या तोंडी लागत नाहीत. असा मी, आणि एका निवृत्तीला आलेल्या ड्राफ्ट्समनने माझी वस्तू माझ्या डोळ्यांदेखत उचलून, मला न विचारता, साऱ्या जगात फुकट वाटली! फुकट या शब्दावर मी आजही अडतो. विकली असती तर निदान माणसासारखं भांडता तरी आलं असतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात ते नकाशे काढायचे, आणि खिशात रुमाल नसला तरी मेजर टेप असायचा. लग्नाला गेले की आधी मांडवाचा खांब मोजणार, मग नवऱ्या मुलाला भेटणार. माझ्या घराच्या वास्तुशांतीला सगळे जेवायला बसले, तेव्हा हे जिन्याची पायरी मोजत होते. "एक पायरी जरा उंच झालीय, शेठ," एवढाच त्यांचा आशीर्वाद. ती पायरी मला तोपर्यंत कधी जाणवली नव्हती. त्या दिवसापासून रोज ठेच लागते.

दोन हजार सालानंतर घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले, तसा त्यांनीही घेतला, आणि कुठून तरी त्यांना तो प्रोग्रॅम सापडला. अंतराळयान चालवायचा. खेळ म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्यात गोळ्या झाडायच्या नाहीत, कोणाला हरवायचं नाही. खऱ्या गणिताने यान उडवायचं आणि खऱ्याइतक्याच वेळात पोचायचं. घड्याळ पळवायची सोय त्यात होती, पण साडूंना ती लबाडी वाटे. चंद्रावर जायला तीन दिवस लागतात तर तीन दिवस लागू देत. आमच्या मेहुणीच्या साखरपुड्यात जिलबीचं ताट समोर असताना हे उठले आणि यजमानांना म्हणाले, "माफ करा, चंद्राच्या कक्षेत शिरायची वेळ झाली." मुलाकडच्यांना वाटलं, कुठल्या तरी ग्रहाची पीडा आहे, त्यांनी आदराने वाट करून दिली. आणि त्या काळचं भारनियमन! अंतराळात निघालेल्या या माणसाला आधी वीज मंडळाचं वेळापत्रक पाठ करावं लागे. एकदा चंद्राजवळ पोचलेलं यान लाइट गेल्यामुळे हरवलं, तर दोन वेळा जेवले नाहीत. शेवटी मीच एक जुना इन्व्हर्टर नेऊन बसवला. घासाघीस करायला मी तयार होऊन गेलो होतो. त्यांनी मी सांगितलेला आकडा तसाच मान्य केला आणि माझा दिवस वाया घालवला.

त्या प्रोग्रॅमची गंमत अशी की त्यात आपली यानं, आपले तळ स्वतः बनवून घालता येत. त्याला अॅड-ऑन म्हणतात. बनवायचं आणि इंटरनेटवर ठेवायचं, की जगातला कोणीही ते उतरवून घेऊन आपल्या कॉम्प्युटरवर उडवतो. साडूंनी आधी चंद्रावर तळ बांधला. मी पाहिला. दाराबाहेर चपलांचं स्टँड होतं आणि छपरावर पाण्याची काळी टाकी.

"चंद्रावर पाणी कुठून येणार?" मी विचारलं.

"टँकर येईल ना," ते म्हणाले. जणू आपल्या कॉलनीचीच गोष्ट चालली होती.

आणि खरंच त्यांनी टँकर बनवायला घेतला. पृथ्वीवरून चंद्रावर पाणी नेणारं यान. परदेशातले लोक चपलांच्या स्टँडबद्दल विचारत, तर हे शांतपणे उत्तर लिहीत की बाहेरची धूळ घरात आणू नये. त्यांना ते फार शास्त्रीय वाटे.

मी त्यांना समजावलं. "भाऊ, महिनोन्महिने राबता, मग कोणाला तरी विका. अहो, निदान आधी नाही म्हणा आणि मग द्या!"

"मला तो प्रोग्रॅम कुठे कोणी विकला?" ते म्हणाले. "त्यांनी बनवला, मला दिला. मी टँकर बनवतो, त्यांना देतो."

"आणि एकदा हातातून गेलेला माल परत येतो का?"

"यायचा कशाला?"

अशा माणसाशी व्यवहार बोलायचा म्हणजे भिंतीशी बोलणं. निदान भिंत मोजमाप तरी घेत नाही.

मग ते एकदा भर दुपारी कॅमेरा घेऊन माझ्या गाळ्यावर आले. मला वाटलं, साडूंना उशिरा का होईना माझं कौतुक सुचलं. मी केसांवरून कंगवा फिरवला, शटर खाली ओढलं आणि त्याच्यापुढे हाताची घडी घालून उभा राहिलो. साडू डोळा लावून म्हणाले, "शेठ, जरा बाजूला व्हा. शटर झाकलं जातंय."

ते शटर कॅम्पातल्या एका पाडलेल्या दुकानाचं. मी ते जुनं घेतलं, हातगाडीवर घालून स्वतः ओढत आणलं. उतरवताना गाडीचा दांडा लागून खाली पोचा पडला. पेंटरला द्यायला पैसे नव्हते म्हणून त्यावर मीच लाल रंगाने लिहिलं होतं: 'भाव एकच'. शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे दाटीवाटीने बसलंय. खालून गंज चढला होता. काही दिवसांनी साडूंनी मोठ्या हौसेने घरी बोलावून टँकर दाखवला. काळ्याभोर आकाशात, निळ्या पृथ्वीच्या वर, एक लांबलचक टाकी संथ वळत होती, आणि तिच्या पाठीवर गंजासकट, पोच्यासकट, माझ्या दाटीवाटीच्या अक्षरासकट, माझं शटर!

"बाहेरचे लोक म्हणतात, इतका खरा पत्रा कोणाला जमला नाही," साडू खुशीत म्हणाले. "एकाने अर्थ विचारला. मी कळवलं, या यानावर घासाघीस चालत नाही."

माझं डोकं फिरलं. "भाऊ, माझ्या दुकानाची लाज साऱ्या जगात काढलीत! आधी सांगितलं असतं तर रंग मारून नसता का घेतला?"

"म्हणून तर सांगितलं नाही."

मी चहा न घेता उठलो. दारातूनच ओरडलो की माझं शटर आत्ताच्या आत्ता खाली उतरवा, एकही चित्र घरात ठेवू नका, तोवर तुमचा उंबरा चढणार नाही. आणि या माणसाचा आडमुठेपणा बघा: त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी शटर काढलं. स्वतःकडचा फोटोसुद्धा पुसला. टँकरला साधा करडा रंग दिला, आणि जगभरातून 'जुना टँकर कुठे गेला' अशी विचारणा झाली तेव्हा लिहिलं: मालकाची हरकत आहे. भांडायला आलेल्या माणसाचं सगळं मान्य करणं, याच्याइतकी मोठी चपराक नाही. मी अबोला धरला. घरात बायकोने आणखी तिखट घातलं. "अहो, दाजींनी तुमचं गंजकं शटर चंद्रावर नेलं. तुम्ही मला वणीच्या पुढे कधी नेलंत?"

पुढे मी अंबडला मोठं गोदाम घेतलं आणि द्वारकेचा गाळा विकला. नव्या मालकाला शटर नको होतं. गॅस कटरने त्याचे तुकडे झाले, आणि मी स्वतः काट्यावर उभा राहून ते भंगारात घातले. भावही चांगला काढला. घरी आलो, जेवायला बसलो, आणि ताट तसंच ठेवून जुने अल्बम काढले. घरात त्या गाळ्याचा एक फोटो नव्हता. असणार कसा? फोटो काढायला आलेल्या एकुलत्या एका माणसाला मीच तो पुसायला लावला होता.

अबोला असलेल्या घरी काय म्हणून जायचं? इन्व्हर्टरचं पाणी बघायला आलो, म्हटलं. साडूंनी इन्व्हर्टर दाखवला. पाणी पुरेसं होतं. मग मी म्हणालो, "तो पहिला टँकर... कोणाकडे असेल का?"

त्यांनी कारण विचारलं नाही. गाळा विकल्याचं त्यांना बायकांकडून कळलंच असणार. त्यांनी परदेशातल्या मंडळींना विचारणा लिहिली, आणि चिली नावाच्या देशातून कोणा एकाचं उत्तर आलं. मालकाची हरकत कळूनही त्याने जुनी फाइल टाकली नव्हती. आता मालकाची परवानगी आहे का, असं त्याने उलट विचारलं होतं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं.

मग त्यांनी टँकर उडवला आणि घड्याळ न पळवता हळूहळू वळवत आणला, ऊन शटरवर पडेपर्यंत. आधी पोचा उजळला, मग गंज, मग माझं अक्षर.

"लाल रंग जरा फिका आलाय," मी म्हणालो.

"उन्हामुळे," साडू म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता चहा ठेवायला सांगितला.

आता साडू मुलीकडे पुण्याला असतात, डोळ्यांनी कमी दिसतं, कॉम्प्युटर झाकलेला असतो. चिलीच्या त्या माणसाचा टँकर अजून फिरतो म्हणे, चपला काढून आत जाणाऱ्या लोकांना पाणी पोचवत. पण माझं म्हणणं आजही कायम आहे: त्यांनी मला विचारायला हवं होतं. विचारलं असतं, तर आदल्या दिवशी मी शटरला रंगाचे दोन हात मारून घेतले असते, आणि तिथे वर आज कोणाचंही असू शकेल असं एक हिरवंगार, गुळगुळीत शटर फिरत असतं.