मुकादमाच्या चोवीस पलटणी

कचरू मुकादमाला रिकामं बसवत नाही. मालधक्क्यावर एकतीस वर्षं त्यानं चोवीस हमालांची टोळी चालवली. कोणी कुठं उभं राहायचं, आधी कोणी उचलायचं, सगळं तोच सांगायचा. निवृत्तीनंतर मुलानं, अभयनं, पुण्याला जाताना जुना लॅपटॉप त्याला दिला. त्यात नेपोलियनच्या काळातल्या लढायांचा खेळ होता. दर रविवारी फुलंब्रीहून मोतीराम यायचा आणि दोघं मिळून संगणकाशी लढायचे; माउस मात्र कचरूच्याच हातात. मोतीराम टोळीतला जुना गडी. कचरूच्या दारात आठवड्यातून येणारं माणूस तेवढंच.

खेळातही पलटणी चोवीसच. कचरूनं त्या सगळ्या थेट सेनापतीच्या हाताखाली लावल्या. पण सेनापतीला आठच पलटणी झेपायच्या. बाकीच्यांना हुकूम उशिरा पोचायचा. तोवर त्या मार खात उभ्या. असे पाच रविवार हरण्यात गेले.

"मुकादम, तीन दलं करा," मोतीराम म्हणाला. "एकेका दलावर एक सरदार नेमा. डावं माझ्याकडं द्या."

"जमंल का तुला?"

"एकोणीस वर्षं तुमच्या हाताखाली काढली. एक दिवस टोळी दिली का? इथंबी नुसतं बघायला बसवता. मग मी यायचं कशाला?"

तो हसत बोलला, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. कचरूनं डावं दल दिलं.

मोतीरामनं पहिल्याच चालीत ते ओढ्याच्या मागं घेतलं. कचरूचा पाय हलायला लागला.

"मागं कशाला?"

"येऊ द्या त्यांना पाण्यातून. दमलेला गडी लवकर पडतो."

कचरू उठला, पाणी प्यायला, परत बसला, परत उठला. तेवढ्यात मोतीरामचा फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला. कचरूनं माउस ओढला आणि डावं दल परत सेनापतीखाली लावायला घेतलं. सरदार बदलायचा का, असं खेळानं विचारलं. त्यानं 'होय' दाबलं आणि डाव्या दलाला पुढं जायचा हुकूम सोडला. हुकूम पोचायला दोन चाली लागणार होत्या. तोवर दलाला ना सरदार, ना हुकूम. शत्रू ओढा ओलांडून आला. तोफा वळल्याच नाहीत. सात पलटणी मोडल्या.

मोतीरामनं आत येऊन पडदा बघितला.

"येतो मुकादम. पाचची बस हाय."

पुढचे दोन रविवार तो आला नाही. फोन केला तर म्हणायचा, शेतात काम हाय. तिसऱ्या रविवारी कचरू लॅपटॉप घेऊन फुलंब्रीच्या बसमध्ये बसला. मोतीराम ओसरीवर मका सोलत होता. उठला नाही.

"डावं दल तुझं," कचरू म्हणाला. "उजवंबी तुझं. मी राखीव आठ घेतो."

"आणि मी मागं घेतलं तर?"

"घे."

"बोलाल."

"नाय बोलणार."

मोतीरामनं हात पुसले, लॅपटॉप पुढं ओढला आणि पहिल्याच चालीत दोन्ही दलं मागं घेतली. कचरूनं दात आवळले, चपला घातल्या आणि अंगणात चकरा मारायला लागला. सातव्या चकरेला राहवलं नाही.

"काय झालं रे?"

"आत्ताशी ओढ्यात उतरलेत," ओसरीवरून आवाज आला. "चाला तुम्ही. येळ हाय अजून."

कचरू चालत राहिला.