नवव्या लेव्हलचा खड्डा

ज्याला काम येतं त्याच्याकडे किस्से नसतात. तो येतो, काम करतो, घरी जातो. माझ्याकडे नव्वदच्या दशकातल्या एकाच नोकरीचे, तेही पहिल्या तीन महिन्यांचे, इतके साठलेत. यावरून मला काम किती येत होतं ते ओळखा!

बेंगळुरूच्या जयनगरात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. परदेशात टीव्हीला जोडून खेळायचे गेम निघत, ते कॉम्प्युटरवर चालतील असे करून द्यायचे, हा धंदा. मी टेस्टर. डावीकडे टीव्हीवर मूळ गेम आणि तो खेळायचं बटणांचं पॅड, उजवीकडे कॉम्प्युटरवर आमचा. दोन्ही खेळायचे आणि फरक दिसला की वहीत लिहायचा.

*

इंटरव्ह्यूला मालक मूर्ती सरांनी विचारलं, "शिक्षण?"

"नववी."

"पुढे?"

"पुढे गेम खेळलो, सर," मी चपलांकडे बघत म्हणालो.

सर हसले नाहीत. "म्हणजे या कामात इथे तूच सगळ्यात जास्त शिकलेला!"

अट एकच. तीन महिन्यांनी मूळ कंपनीचा माणूस तपासायला येणार. त्याच्यासमोर आमचा गेम शेवटपर्यंत मी खेळून दाखवायचा. त्याने सही केली की मी पक्का. नाही केली, तर पीण्या औद्योगिक वसाहतीत, वडील कामाला होते त्या कारखान्यात लेथवर जागा तयारच होती. वडील रोज जेवताना विचारायचे, "झालं का खेळून?"

*

पहिल्याच दिवशी मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हिरो माझं ऐकत नाही. मनाला येईल तिकडे पळतो."

आमची प्रोग्रामर सुजाताक्का, आमच्यासारखीच जुनी बेंगळुरूची मराठी, धावत आली. तिने सगळं तपासलं. मग माझे हात बघितले.

"मोहन, तुझ्या हातात टीव्हीचं पॅड आहे. बघतोयस कॉम्प्युटरकडे. तिथे डेमो चाललाय रे, आपोआप!"

*

सरांनी नवा, वेगवान कॉम्प्युटर आणला. त्यावर आमचा गेम असा पळायला लागला की हिरो उडी मारायच्या आधीच मरायचा. मी आठवडाभर मान मोडून बसलो. आठव्या दिवशी अक्काला अभिमानाने बोलावलं आणि त्याच वेगात दोन लेव्हल पार करून दाखवल्या.

अक्काने कपाळावर हात मारला. "अरे, हा बग आहे! बग लिहायचा असतो, त्याचा सराव नाही करायचा!"

*

टीव्ही चित्राच्या कडा खातो, कॉम्प्युटर सगळं दाखवतो. त्यामुळे आमच्या गेममध्ये पुढचा राक्षस कडेला आपली पाळी येईपर्यंत गुपचूप उभा दिसायचा. मी वहीत लिहिलं, "बिचारा फार वेळ उभा आहे."

अक्काने कडेला काळी पट्टी घातली आणि वहीत उत्तर लिहिलं, "आता सावलीत उभा आहे."

*

मग नववी, शेवटची लेव्हल. गुहेत एक रुंद खड्डा होता. शंभरदा उडी मारली, शंभरदा पडलो. टीव्हीवरही पडत होतो, पण तेवढं लिहायची लाज वाटली. वहीत फक्त लिहिलं, "कॉम्प्युटरवर खड्डा पार होत नाही."

अक्काने दोनदा करून बघितलं, दोनदा पडली. टीव्हीवर बघायला तिला सवड नव्हती. "शाळेतही नववीला अडकलास, इथेही नववीच!" म्हणाली. मग कानडी मिसळून, "सरी, स्वल्प थांब," म्हणजे बरं, जरा थांब. आणि खड्ड्यावर एक लाकडी फळी टाकून दिली.

मी फळीवरून आरामात चालत गेलो.

*

पाहुणा आला. कोट, टाय, हातात फॉर्म, फॉर्मवर प्रत्येक लेव्हलची एक ओळ. मी खेळत होतो, तो खुणा करत होता. आठ लेव्हल झाल्या. नववीत हिरो फळीवर चढला आणि पाहुण्याने पेन उचललं.

"थांब. ही फळी आमच्या गेममध्ये नाही."

सरांनी अक्काकडे बघितलं. अक्काने वही उघडली. वहीत अक्षर माझं.

 फळीचा दोष अक्काच्या नावावर जाऊ द्यावासा वाटेना. आयुष्यात पहिल्यांदा तिघांसमोर इंग्रजीत बोललो, "सर, हिअर आय फॉलिंग." मग टीव्हीकडे बोट केलं. "देअर आल्सो फॉलिंग."

कुणी हसलं नाही. मला लेथचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला.

पाहुण्याने टीव्हीचं पॅड उचललं. खड्ड्यापर्यंत आला, उडी मारली, पडला. पुन्हा पडला. कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पुन्हा पडला. बेकरीतून आलेली कॉफी गार झाली. सर खिडकीतून बाहेर बघत राहिले.

शेवटी त्याने पॅड ठेवलं, मला हाताने बाजूला सरकवलं आणि आमच्या कॉम्प्युटरसमोर बसला. हिरोला फळीवरून हळूहळू पलीकडे नेलं. 

मग कोट घातला, फॉर्म ओढला, खाली सही केली, आणि नवव्या लेव्हलच्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, "मूळ गेमप्रमाणेच."